इन्स्टॉलरमधला खाजगी पायथॉन रनटाइम: बिघाड कुठे शोधायचा, कसा दुरुस्त करायचा

सौदे सुरू व्हायला अर्धा तास होता आणि कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून फोन आला. "साहेब, आयकॉनवर क्लिक केलं की नुसतं गोल फिरतंय आणि थांबतंय. काल संध्याकाळपर्यंत बरं चालू होतं की ओ." दिवाणजींच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. दुकानासमोर गुळाच्या रव्यांची थप्पी लागलेली, काटा मांडलेला. काट्यावरचं वजन उतरवून घेऊन शेतकऱ्याची पट्टी काढणारं आमचं सॉफ्टवेअर मात्र उघडत नव्हतं. राजारामपुरीतून मी तिथे पोचेपर्यंत त्यांनी वजनं वहीत लिहायला घेतली होती.

शॉर्टकट बाजूला ठेवून मी काळी कमांड विंडो उघडली आणि आमचाच पायथॉन, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्रॅम, तिथून हाताने चालवला. चार-पाच ओळी आल्या. त्यातली कामाची एकच: "नो मॉड्यूल नेम्ड एन्कोडिंग्ज". मी विचारलं, "काल या मशीनवर कोणी काही केलंय का?" दिवाणजी म्हणाले, "एक जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर होतं, वापरत नव्हतो. काढून टाकलं."

तिथेच उलगडा झाला. त्या जुन्या सॉफ्टवेअरने विंडोजमध्ये पायथॉनहोम नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे पायथॉनने आपली लायब्ररी कुठे शोधायची हे सांगणारी नोंद, लावलं होतं आणि ते स्वतःच्या फोल्डरकडे वळवलं होतं. त्यांचाही पायथॉन ३.११, आमचाही ३.११. म्हणून महिनाभर आमचा प्रोग्रॅम त्यांच्या लायब्ररीवर निमूट चालत होता. आमच्याजवळचं ताट भरलेलं असताना तो शेजारच्या घरी जेवत होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता. सॉफ्टवेअर गेलं, फोल्डर गेला, व्हेरिएबल तेवढं मागे राहिलं.

खाजगी रनटाइमचा, म्हणजे फक्त आपल्याच सॉफ्टवेअरसाठी सोबत दिलेल्या पायथॉनचा, अर्थ मला त्या सकाळी नीट कळला. पायथॉनची प्रत इन्स्टॉलरमध्ये टाकली म्हणजे तो खाजगी होत नाही. बाहेरचं काही आत येणार नाही आणि आपलं काही बाहेर सांडणार नाही, अशी दोन्ही दारं लावली तरच तो खाजगी. पुढे जे बिघाड सांगतो आहे, त्यातले बहुतेक यातलं एखादं दार उघडं राहिल्यामुळेच होतात.

वाचण्याआधी एक सूचना. फाइलींची नावं, आज्ञा आणि त्यांतले आकडे मी इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत घ्या. उदाहरणं विंडोज, पायथॉन ३.११ आणि इनो सेटअप (इन्स्टॉलर बनवायचं साधन) यांची आहेत.

आधी प्रत कुठली घ्यायची ते ठरवा

तीन वाटा दिसतात. त्यातल्या दोन सोप्या वाटतात आणि पुढे महागात पडतात.

पहिली वाट म्हणजे आपल्या मशीनवरचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे व्हीएन्व्हचा (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या लायब्ऱ्यांचा) फोल्डर, तसाच्या तसा उचलून देणं. हे करू नका. त्या फोल्डरमधल्या पायव्हीएन्व्ह.सीएफजी या फाइलीत मूळ पायथॉनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. गिऱ्हाईकाच्या मशीनवर तो पत्ताच नसतो, त्यामुळे "नो पायथॉन अ‍ॅट" असं म्हणून, पुढे तुमच्या मशीनवरचा पत्ता दाखवून तो थांबतो. स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या छोट्या एक्सई फाइलींची गतही तीच. त्यांच्या पोटातही पूर्ण पत्ता कोरलेला असतो, म्हणून अशी साधनं नेहमी "पायथॉन -एम" लावून मॉड्यूलच्या नावानेच चालवावीत.

दुसरी वाट म्हणजे पायथॉनचा अधिकृत इन्स्टॉलर आपल्या इन्स्टॉलरच्या पोटात घालून गुपचूप चालवणं आणि टार्गेटडिर या पर्यायाने त्याला आपला फोल्डर दाखवणं. कोऱ्या मशीनवर हे छान चालतं. पण त्या मशीनवर तीच आवृत्ती आधीच असेल, तर इन्स्टॉलर नवी प्रत टाकत नाही. आधीचीच दुरुस्त करायला किंवा बदलायला बघतो. तुमचा फोल्डर रिकामाच राहतो. शिवाय अशी प्रत विंडोजच्या प्रोग्रॅमच्या यादीत दिसते. "हे पायथॉन काय आहे कुणास ठाऊक" म्हणून कोणी ती काढली, की तुमचं सॉफ्टवेअर बंद.

तिसरी वाट म्हणजे एम्बेडेबल पॅकेज. पायथॉन ३.५ पासून ही झिप फाइल अधिकृतपणे मिळते आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत राहण्यासाठीच ती बनवलेली आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदवहीत, तिची नोंद होत नाही, प्रोग्रॅमच्या यादीत ती दिसत नाही. मी आता हीच वापरतो. तिच्यात पिप (लायब्ऱ्या उतरवून बसवणारं साधन) नाही आणि टीके-इंटर (खिडक्या बनवणारी लायब्ररी) नाही, हे आधीच लक्षात घ्या. तुमच्या खिडक्या टीके-इंटरवर उभ्या असतील तर टीसीएल-टीकेच्या फाइली पूर्ण इन्स्टॉलेशनमधून, अगदी त्याच आवृत्तीच्या, वेगळ्या आणाव्या लागतात. सोबतची लायसन्सची फाइल इन्स्टॉलरमध्ये ठेवायला विसरू नका.

आवृत्ती निवडताना गिऱ्हाईकाचं विंडोज बघा. अडत दुकानांत आणि लहान कारखान्यांत विंडोज ७ अजून भेटतं. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका पायथॉन ३.८, तिचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले. ३.९ किंवा पुढची आवृत्ती तिथे टाकली तर "एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ" अशा नावाची डीएलएल (प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडची फाइल) सापडत नाही म्हणून संदेश येतो. लोक ती डीएलएल इंटरनेटवरून उतरवून आणतात. तसं अजिबात करू नका. ती फाइल विंडोजचा भाग आहे, कुठल्यातरी साइटवरून आणलेली प्रत म्हणजे धोक्याला आमंत्रण. गिऱ्हाईकाला विंडोज बदलायला सांगा, आणि तसं स्पष्ट सांगण्यात संकोच नको. पायथॉन ३.१३ ला तर विंडोज १० च लागतं.

फोल्डरची मांडणी आणि ती छोटी फाइल

माझी मांडणी साधी आहे. मुख्य फोल्डरमध्ये तीन उपफोल्डर: रनटाइममध्ये एम्बेडेबल झिप उलगडलेली, लिबमध्ये बाहेरच्या लायब्ऱ्या, अ‍ॅपमध्ये आपला कोड.

लायब्ऱ्या आपल्या मशीनवरच भरून घ्यायच्या, गिऱ्हाईकाच्या नाही. यार्डातल्या दुकानात इंटरनेट असेलच असं धरून चालू नका. आपल्याकडे त्याच मालिकेचा आणि तितक्याच बिटचा पूर्ण पायथॉन ठेवा आणि त्यातून ही आज्ञा द्या:

पीवाय -३.११ -एम पिप इन्स्टॉल --टार्गेट लिब -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

आता सगळ्यात महत्त्वाची फाइल. रनटाइम फोल्डरमध्ये पायथॉन३११._पीटीएच नावाची चार-पाच ओळींची फाइल असते. ती जागेवर असेल तर पायथॉन आपले रस्ते फक्त तिच्यातून वाचतो. पायथॉनहोम, पायथॉनपाथ आणि रजिस्ट्री या तिघांकडे तो बघतही नाही. आमच्या पहिल्या इन्स्टॉलरमध्ये मी पूर्ण पायथॉनचा फोल्डर कॉपी केला होता, त्यात ही फाइल नव्हती. ते सगळं रामायण एवढ्या एका फाइलीवाचून घडलं.

तिच्यात मी या ओळी ठेवतो:

पायथॉन३११.झिप
.
..\लिब
..\अ‍ॅप

पत्ते त्या फाइलीच्या जागेपासून मोजले जातात, म्हणून दोन टिंबं. फाइलीचं नाव बदलू नका. आवृत्ती ३.१२ वर नेलीत तर नावही ३१२ होतं. जुनी ३११ ची फाइल तशीच राहिली तर नवा पायथॉन तिला ओळखत नाही आणि दार पुन्हा सताड उघडं.

या फाइलीचा एक परिणाम सगळ्यांना एकदा तरी चकवतो. एरवी आपण जी स्क्रिप्ट चालवतो तिचा फोल्डर पायथॉन आपसूक शोधयादीत घेतो. ही फाइल असली की घेत नाही. मग आपल्याच कोडमधलं, शेजारच्याच फाइलीतलं मॉड्यूल "सापडत नाही" म्हणून तो सांगतो आणि माणूस तासभर नावातली चूक शोधत बसतो. वरची शेवटची ओळ त्यासाठीच आहे.

दुसरा चकवा पायविन३२, म्हणजे पायथॉनमधून विंडोजची कामं करून घेणारी लायब्ररी, वापरणाऱ्यांसाठी. ही लायब्ररी आपले रस्ते .पीटीएच शेपटीच्या एका वेगळ्या फाइलीतून लावते आणि तशी फाइल साइट हे पायथॉनचं सुरुवातीला रस्ते लावणारं मॉड्यूलच वाचतं. एम्बेडेबलमध्ये साइट बंद असतं. वरच्या _पीटीएच फाइलीत "इम्पोर्ट साइट" ही ओळ घातली तरी ते रनटाइमच्या स्वतःच्या फोल्डरांमधल्याच .पीटीएच फाइली वाचतं, आपल्या लिब फोल्डरमधल्या नाही. म्हणून मी प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळींत साइट इम्पोर्ट करून साइट.अ‍ॅडसाइटडिर या फंक्शनला लिबचा पूर्ण पत्ता देतो. तेवढं केलं की या लायब्ररीचं पायविनटाइप्स मॉड्यूल सापडत नाही ही तक्रार मिटते.

शॉर्टकट

शॉर्टकटमध्ये पायथॉनचा पूर्ण पत्ता द्या, नुसतं "पायथॉन" कधीच नको. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर पायथॉन नसला तर ते नाव मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे बोट दाखवतं; असला तर गिऱ्हाईकाचा स्वतःचा पायथॉन चालू होतो. कोडमधून दुसरी प्रक्रिया सुरू करत असाल तर तिथेही सिस.एक्झिक्युटेबल वापरा. पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात हवाच. प्रोग्रॅम फाइल्स या नावात मोकळी जागा आहे, आणि अवतरण विसरलात तर "कान्ट ओपन फाइल" म्हणून पुढे अर्धाच पत्ता दिसतो. मी सोबत दोन स्विच देतो: "-आय" आणि "-एक्स यूटीएफ८"; त्यांतला आय आणि एक्स इंग्रजी मोठ्या अक्षरात. पहिला म्हणजे दाराला दुसरी कडी: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि वापरकर्त्याच्या खात्यातल्या लायब्ऱ्या, दोन्ही बाहेर. दुसऱ्याचं कारण पुढे येतंच.

क्लिक केलं आणि काहीच झालं नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात कमी सांगते. त्यामुळे इथे घाई न करता क्रमाने जा.

शॉर्टकट पायथॉनडब्ल्यू.एक्सईवर असतो, आणि या पायथॉनला चूक दाखवायला खिडकीच नाही. त्याच्यात सिस.एसटीडीआउट हे "नन" असतं. साधं प्रिंट गप्प राहतं, पण एखादी लायब्ररी थेट त्यावर लिहायला गेली की प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. आपल्याकडे पायथॉन.एक्सईने चालतं आणि गिऱ्हाईकाकडे पायथॉनडब्ल्यूने चालत नाही, याचं हे नेहमीचं कारण. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच दोन्ही आउटपुट एका लॉग फाइलीकडे वळवा.

म्हणून पहिली पायरी: कमांड विंडो उघडा, रनटाइम फोल्डरमध्ये जा आणि तोच प्रोग्रॅम पायथॉन.एक्सईने चालवा. बहुतेक वेळा चूक समोर येते.

दुसरी पायरी, पायथॉनलाच विचारा की तू राहतोस कुठे:

पायथॉन.एक्सई -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल), प्रिंट(सिस.पाथ)"

शोधयादीतली प्रत्येक ओळ वाचा. आपल्या फोल्डरबाहेरचा एकही पत्ता त्यात दिसला तर पुढचं सगळं सोडा, आधी तो घालवा. "एन्कोडिंग्ज" सापडत नाही असं आलं तर ही आज्ञासुद्धा चालणार नाही. तेव्हा "सेट पायथॉन" अशी आज्ञा द्या. त्या नावाने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल समोर येतात. पायथॉन३११.झिप जागेवर आहे का हेही पाहा, कारण एम्बेडेबलची मूळ लायब्ररी त्या झिपमध्येच असते. ती उलगडून ठेवायची नसते, आहे तशीच हवी.

तिसरी पायरी, चूकसुद्धा न दाखवता प्रोग्रॅम मिटत असेल तर बाहेर पडतानाचा आकडा बघा. पायथॉन.एक्सईने चालवल्यावर लगेच "एको %एररलेव्हल%" द्या. कमांड विंडो हा आकडा उणे चिन्हासह साध्या संख्येत दाखवते, तो कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅमर मोडमध्ये हेक्समध्ये बदलून घ्या. शेवट ०१३५ असेल, म्हणजे सी००००१३५, तर एखादी डीएलएल सापडत नाही. सी०००००७बी असेल तर ३२ बिट आणि ६४ बिट यांची मिसळ झाली आहे.

एवढ्यानेही नाही सापडलं तर "-व्ही" स्विच, इंग्रजी लहान अक्षरात, लावा. कुठलं मॉड्यूल कुठल्या फाइलीतून घेतलं ते ओळीओळीने दिसतं. सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर हे फुकट साधन त्याच्याही पुढे जातं. आपल्या पायथॉनचं नाव गाळणीत घालून "नेम नॉट फाउंड" अशा ओळी बघा. एकच डीएलएल पाच-सहा ठिकाणी शोधून शेवटी हात हलवत परतलेली दिसली की समजायचं, चोर हाच.

डीएलएल आणि बिट

"डीएलएल लोड फेल्ड" या संदेशात ज्या फाइलीचं नाव असतं ती फाइल बहुधा जागेवरच असते. हरवलेली असते ती जिच्यावर अवलंबून आहे ती दुसरी. पायथॉन ३.८ पासून एक्स्टेन्शन मॉड्यूलच्या डीएलएल शोधताना पाथ व्हेरिएबल बघितलं जात नाही. काट्याच्या किंवा प्रिंटरच्या कंपनीने दिलेली डीएलएल वेगळ्या फोल्डरमध्ये असेल, तर तो फोल्डर ओएस.अ‍ॅड_डीएलएल_डिरेक्टरी या फंक्शनने सांगावा लागतो, आणि इम्पोर्टच्या आधी.

"नॉट अ व्हॅलिड विन३२ अ‍ॅप्लिकेशन" आलं की बिट जुळत नाहीत. जुन्या काट्यांच्या डीएलएल ३२ बिटच्याच मिळतात. तेव्हा हट्ट न करता रनटाइमही ३२ बिटचा घ्या. पट्टी काढायला तेवढा पुरतो. पण मग लिब फोल्डर पुन्हा ३२ बिटच्या पायथॉनने भरायला हवा.

मराठी अक्षरं

आपल्या भागातल्या सॉफ्टवेअरला हे टाळता येत नाही. गावांची नावं, शेतकऱ्यांची नावं, सगळं मराठीत. पायथॉन ३.११ विंडोजवर साधी टेक्स्ट फाइल उघडताना यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या मावणारी अक्षरमांडणी) धरत नाही, मशीनचं जुनं कोडपेज, म्हणजे मोजक्याच अक्षरांची मांडणी, धरतो. ते बहुधा १२५२ असतं. आपल्या मशीनवर यूटीएफ-८ चा पर्याय लावलेला असतो म्हणून चालतं. दुकानात मात्र "चारमॅप कोडेक कान्ट डिकोड" म्हणून अडतं किंवा "कागल" च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग स्पष्ट लिहा. वर दिलेला "-एक्स यूटीएफ८" हा त्यावरचा आधार आहे. पायथॉनयूटीएफ८ हे व्हेरिएबल लावून भागणार नाही, कारण "-आय" लावल्यावर ते वाचलंच जात नाही.

विंडोजच्या खात्याचं नावच मराठीत असेल तर पायथॉन स्वतः सांभाळून घेतो. पण जुन्या सी लायब्ऱ्या आणि बॅच फाइली त्या पत्त्यावर अडखळतात. म्हणून मी बॅच फाइलीतून प्रोग्रॅम सुरू करणं सोडलं.

याच्याच शेजारचा आणखी एक बिघाड: झोनइन्फोला "एशिया/कोलकाता" विचारलं की वेळेचा विभाग सापडत नाही म्हणून तो सांगतो. विंडोजवर ती माहिती पायथॉनला मिळत नाही. टीझेडडेटा हे पॅकेज लिबमध्ये घाला, संपलं.

लिहायची जागा, अपडेट आणि काढून टाकणं

प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. डेटाबेस, लॉग, सेटिंग तिथे ठेवलंत तर अ‍ॅडमिन खात्यातून चालेल आणि दिवाणजींच्या खात्यातून "परमिशन डिनाइड" येईल. सगळ्यांनी मिळून वापरायचा डेटा प्रोग्रॅमडेटामध्ये, ज्याचं त्याचं सेटिंग लोकलअ‍ॅपडेटामध्ये. लोकलअ‍ॅपडेटामधला फोल्डर इन्स्टॉलरने बनवू नये, प्रोग्रॅमने पहिल्यांदा उघडल्यावर बनवावा. इन्स्टॉल करताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड दुसऱ्या खात्याचा दिला गेला, तर इन्स्टॉलर त्या दुसऱ्याच खात्यात फोल्डर बनवून मोकळा होतो.

अपडेटच्या वेळी जुन्या लायब्ऱ्यांच्या फाइली मागे राहतात आणि नव्यांत मिसळतात. इनो सेटअपच्या इन्स्टॉलडिलीट विभागात रनटाइम, लिब आणि अ‍ॅप हे तिन्ही फोल्डर आधी पुसून घ्या. या तिघांत गिऱ्हाईकाचा एक अक्षरही डेटा नाही याची दोनदा खात्री करा. हंगामाच्या पट्ट्या त्यात असतील तर माफी नाही. फाइलींना इग्नोअरव्हर्जन हा फ्लॅग लावा, नाहीतर इनो डीएलएलची आवृत्ती बघून काही बदलतो, काही ठेवतो आणि खिचडी होते. काढून टाकताना पायकॅश फोल्डर मागे उरतात, कारण ते पायथॉन चालताना स्वतः बनवतो, इन्स्टॉलरने टाकलेलेच नसतात. त्यांची नावं अनइन्स्टॉलडिलीटमध्ये लिहा.

मुद्दाम बिघडवलेल्या मशीनवर तपासा

कोऱ्या मशीनवर तपासणं सगळे सांगतात. विंडोज प्रोमधलं सँडबॉक्स त्यासाठी चांगलं आहे, बंद केलं की पुन्हा कोरं. पण कोरं मशीन आपल्याला गिऱ्हाईकाकडे भेटत नाही. दहा जणांनी हाताळलेलं, तीन सॉफ्टवेअरं टाकून काढलेलं मशीन भेटतं. म्हणून मी सँडबॉक्समध्ये आधी खोड्या करतो. पायथॉनहोम नसलेल्या फोल्डरकडे वळवतो. पायथॉनपाथ अशा फोल्डरकडे वळवतो, ज्यात जेसन.पीवाय नावाची, उघडताच चूक फेकणारी फाइल आहे. दुसऱ्या आवृत्तीचा पायथॉन टाकून तो पाथमध्ये पहिला लावतो. मराठी नावाचं, अ‍ॅडमिन नसलेलं खातं बनवतो आणि इंटरनेट तोडतो. मग इन्स्टॉलर चालवतो आणि त्या खात्यातून एक पट्टी छापून बघतो. ती छापली गेली नाही तर त्या दिवशी आवृत्ती बाहेर जात नाही.

इन्स्टॉलर आणि आपली स्वतःची एक्सई डिजिटल सहीने सही करून द्या. सही नसलेल्या फाइलीवर विंडोज इशाऱ्याची पाटी दाखवतं, आणि अँटिव्हायरस कधी तिला उचलून कोपऱ्यात टाकतो. पायथॉन.एक्सईवर पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनची सही असते. आयकॉन बदलायला म्हणून ती फाइल खोलू नका, सही मोडते.

शेवटी, स्टार्ट मेनूत मी "तपासणी" नावाचा दुसरा शॉर्टकट ठेवतो. तो पायथॉन.एक्सईने उघडतो, सिस.एक्झिक्युटेबल, सिस.पाथ, पायथॉनने सुरू होणारी व्हेरिएबल आणि लिबमधल्या पॅकेजांच्या आवृत्त्या पडद्यावर दाखवतो आणि खिडकी उघडी ठेवतो. शेवटच्या ओळीत "सर्व पत्ते आतले" किंवा "बाहेरचा पत्ता सापडला" असं मराठीत लिहिलेलं असतं. पायथॉन स्वतःच उठत नसेल तर ही खिडकीही चूक दाखवून मिटेल, म्हणून शॉर्टकट कमांड विंडोमार्फत "सीएमडी /के" ने उघडतो. खिडकी राहते आणि संदेश वाचता येतो. आता फोन आला की मी दिवाणजींना तेवढी शेवटची ओळ वाचायला सांगतो.